नत्थूकाका कोणाचे?

आमच्या कारंज्यात कोणाचं मत कोणाले जाते, हे मशीन उघडायच्या आधीच सगळ्यायले माहीत राह्यते. कोण कोणत्या टपरीवर चहा पेते, कोणाच्या लग्नात कोणता पुढारी जेवून गेला, कोणाच्या गल्लीत कोणाच्या फंडातून नाली झाली, एवढ्यावर गाव अंदाज बांधते अन् तो बरोबर निंघते. आमचं घर कोणाचं, हे माह्या बापालेबी पक्कं ठरवता आलं नव्हतं तवापासून गल्लीले माहीत होतं. या गावात जन्मून, याच गावच्या यादीत नाव ठेवून, ज्याच्या मताचा पत्ता शेवटपावतर कोणाले लागला नाई, असा एकच माणूस मी पाह्यला. नत्थूजी इखार. आमचे नत्थूकाका.

काका वर्धेच्या कोर्टात पट्टेवाले होते. नोकरीभर सिंदी मेघेले एका खोलीत राह्यले, शनिवारी एसटीनं गावाले येत, सोमवारी पहाटे वापस. कोर्टात फायली उचलणं, साहेबाले पाणी देणं, ही कामं होतीच, पण त्यायचं खरं काम म्हणजे पुकारा. केसचा नंबर आला का काका दारात येऊन उभे राहत अन् तीनदा नाव पुकारत. त्या आवाजाले माइक लागत नव्हता. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पेंगत असलेला साक्षीदार धडपडून उठे. रिटायर झाल्यावर गावात आले तरी आवाज तसाच होता, पण वापरत नव्हते. साखर संपली तरी शेजारच्या दुकानातल्या पोराले हाक नाई मारत, चालत जात. म्हणत, आपला आवाज सरकारी कामाचा होता, साखरेसाठी नाई.

मी लोकायचे आवाज काढतो. एसटीचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, लग्नात रुसलेली आत्या, दोन्ही पार्टीचे पुढारी. धंदा तसा झेरॉक्सचा हाये, एसटी स्टँडच्या समोर, पण लोक मले आवाजासाठी ओळखतेत. पार्टीयची नावं मी इथं सांगत नाई, माहं गिऱ्हाइक दोन्हीकडचं हाये. एक पार्टी सत्तेतली अन् दुसरी सत्तेत येऊन राह्यलेली, एवढं समजून घ्या.

तं एकदा गणपतीत मी स्टेजवर काकायचा पुकारा काढला. काका समोरच बसले होते, पहिल्या लाइनीत, टोपी मांडीवर ठेवून. लोक हसून हसून आडवे झाले. कार्यक्रम संपल्यावर काका मागं आले. मले वाटलं आता कानाखाली बसते. काका म्हणे, "आवाज बरोबर हाये. पन तू तिन्ही वेळा सारखाच वरडते. तिसऱ्यांदा हळू घ्याचं असते."

मी इच्यारलं काऊन.

"दोनदा पुकारूनबी जो आला नाई, त्याचं आता नुकसान होनार हाये. नुकसान होनाऱ्या मानसावर वरडू नये बाप्पा."

पुढच्या वर्षी मी तसा काढला. लोक कमी हसले. काका मात्र मान डोलवत होते.

आता एसटी स्टँडचा नकाशा सांगतो. स्टँडच्या एका अंगाले गजूभाऊची टपरी, दुसऱ्या अंगाले सुधाकरभाऊची. गजूभाऊची टपरी एका पार्टीची, सुधाकरभाऊची दुसरीची. दोघंही एका वर्गात शिकले, दोघायचा चहा एकाच डेअरीच्या दुधाचा, पण तिकडचा माणूस इकडं पेत नाई. मंधात मुंबईचं सरकार बदललं, अन् पुन्हा बदललं, तवा मोठी पंचाईत झाली. कोणती टपरी सत्तेतली अन् कोणती विरोधातली, हे सकाळी पेपर पाहून ठरवा लागे. एका हप्त्यात तं गजूभाऊनं दोनदा झेंडा बदलला अन् तिसऱ्यांदा काठी रिकामीच ठेवली, म्हणे वारं पाहून सांगतो.

काकायची जागा या दोन टपऱ्यायच्या मंधात, स्टँडच्या सिमेंटच्या बाकावर. हातात घरून आणलेला थर्मास. सुरुवातीले ते एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं पेत. पण लोकायनं मोजलं. एका महिन्यात इकडं सोळा दिवस झाले अन् तिकडं चौदाच, तं सुधाकरभाऊ आठ दिवस बोलले नाईत. तवापासून थर्मास. काकू होत्या तवा त्या चिडत, म्हणत का इतकी वर्षं भाकरी थापून खाऊ घातली, मले तरी सांगा कोणाले देता. काका म्हणत, पेटी बंद करून ठेवतेत ते उगाच का. काकू जाईपावतर त्यायले कळलं नाई. अन् काकू काकाले हरवाले म्हणून आपलंबी सांगून नाई गेल्या.

बाकावर काकायचं कोर्ट भरे. टीव्हीवर दिल्लीच्या मोठ्या कोर्टाचा काही निकाल आला का दोन्ही टपऱ्यायवरून लोक चहाचे ग्लास घेऊन बाकापाशी येत. अन् पहिला प्रश्न निकाल काय, हा नसे. हा जज कोणाचा, हा असे. कोणत्या सरकारनं बसवला, कोणाच्या जातीचा, रिटायर झाल्यावर याले काय भेटन, सगळं ठरवून मोकळे. निकाल आपल्या बाजूचा असला का जज देवमाणूस, विरोधात गेला का इकलेला. मंग काकाले इच्यारत, काका तुमी तं इतके जज पाह्यले, काही पुढं हायकोर्टात गेले, सांगा ते कोणाचे होते.

काका थर्मासचं झाकण फिरवत सांगत. एक साहेब होते, त्यायले चहात साखर चालत नव्हती. एक साहेब जेवणाच्या सुट्टीत चपला काढून भितीकडं तोंड करून बसत, फाशीची केस असली का डबा तसाच वापस नेत. एक साहेब वकील जास्त बोलला का पेनाचं टोपण उघडझाक करत, अन् टोपण खाली पडलं का समजायचं वकील हरला. एक बाईसाहेब होत्या, त्या सुनावणीच्या दिवशी उपास धरत, म्हणत भरल्या पोटी झोप येते. एवढं सांगून काका थांबत.

लोक म्हणत, ते झालं, पण पार्टी कोणती?

काका म्हणत, "चहा मी देत होतो. पार्टी असती तं कपात दिसली असती."

पण खरं सांगू, काकाले माहीत नव्हतं असं नाई. एकदा मले एकट्याले म्हणे, जजबी माणूस हाये, त्याच्या मनात काही नसन असं कसं म्हणू. तोबी मत टाकाले जाते. पण तो खुर्चीवर बसाच्या आधी कोट चढवते ना, तसं त्यानं ते मनातलं खुंटीले टांगून यावं लागते. काहींचं टांगलेलं राह्यते, काहींचं खिशात राह्यते. आपलं काम एवढंच का त्यायनं लिहिलेलं पूर्ण वाचावं.

अन् हे वाचायचं त्यायनं एक येगळंच काढलं होतं. आता मोठ्या कोर्टाचे काही निकाल मराठीत करून नेटवर टाकतेत. काका माह्या दुकानात येत अन् म्हणत, काढ. पण पहिलं पान नको. पहिल्या पानावर जजचं नाव राह्यते. मंधातबी कुठं नाव आलं तं मी पांढऱ्या शाईनं पुसायचं अन् मंग झेरॉक्स करायची. मले कटकट वाटे, पण काकाले नाई म्हणवत नव्हतं. ते कागद बाकावर वाचले जात, एक जण वाचे, बाकीचे ऐकत. वाचून झालं का काका प्रत्येकाले इच्यारत, बरोबर का चूक, अन् काऊन. सगळ्यायचं झाल्यावर खिशातून पहिलं पान काढत.

एकदा गजूभाऊनं एका निकालाची लय तारीफ केली. म्हणे असा जज पाह्यजे, सोन्यासारखा माणूस. काकानं पहिलं पान पुढं केलं. तोच जज होता, ज्याच्या नावानं गजूभाऊ मागच्याच महिन्यात टपरीवर बोंबलले होते. गजूभाऊनं पान उलटंपालटं करून पाह्यलं. मंग म्हणे, काका, हा छापणाऱ्याचा घोळ असन. सुधाकरभाऊ रस्त्याच्या त्या बाजूनं इतके हसले का त्यायचं दूध उतू गेलं. पुढच्या वेळी त्यायचीबी तशीच गत झाली, पण ते मी सांगत नाई, गिऱ्हाइक हाये.

काकाले एकच लेकरू, रजनीताई. लहानपणी सुट्ट्यायत काकाबरोबर कोर्टात जाये, अन् साहेबाच्या चेंबरबाहेर स्टुलावर बसून गणितं सोडवे. वकील झाली, नागपूरले हायकोर्टात उभी राहू लागली, अन् वीस-बावीस वर्षांत तिचं नाव झालं. गावात आली का मात्र स्टँडपासून चालत येये अन् वाटेत सगळ्यायले इच्यारत येये का बाबायचा बीपी कोण तपासते.

दोन वर्षांमागं तिचं नाव हायकोर्टाच्या जजसाठी निंघालं. त्याचं कसं असते ते मले काकानं समजावून सांगतलं, कारण तिचे कागद माह्याच दुकानात झेरॉक्स झाले. इकडचे मोठे जज नाव काढतेत, ते दिल्लीच्या मोठ्या जजायकडं जाते, सरकार आपल्या माणसाकडून चौकशी करते, माणूस कसा हाये, घरचे कसे हायेत, अन् मंग कुठं शिक्का बसते. कधी बसते, कधी कागद तसाच पडून राह्यते. काका म्हणे, कोणाले सांगू नको. मी कोणालेच नाई सांगतलं. फक्त गजूभाऊले सांगतलं.

दुपारपावतर कारंज्यात एक माणूस उरला नाई ज्याले माहीत नव्हतं.

अन् त्याच्या पुढच्या हप्त्यात नागपूरच्या गाडीतून एक माणूस उतरला. चौकड्याचा शर्ट, पायात बूट, खांद्यावर बॅग. गजूभाऊच्या टपरीवर येऊन इच्यारे, इखारांचं घर कोणतं, लोक कसे आहेत, कोणत्या विचारांचे आहेत. टपरीवर एकदम सगळे सावध झाले. आला म्हणे चौकशीवाला. गजूभाऊनं त्याले पेशल चहा देल्ला, बिस्कीट देल्लं, अन् सांगतलं का साहेब, घर आपलंच हाये, बापजाद्यापासून सत्तेतल्या पार्टीचं. नत्थूकाका आमच्या सभेले पहिल्या लाइनीत राह्यतेत. काका कोणत्याच सभेत गेले नव्हते. गजूभाऊच्या मनात एवढंच होतं का सरकारचा माणूस हाये, त्याले सरकारचंच घर सांगा, पोरीचं काम होऊन जाईन.

तो माणूस रस्ता ओलांडून सुधाकरभाऊकडं गेला. आता सुधाकरभाऊ विरोधातले. त्यायनं काय करावं? त्यायनं छातीवर दगड ठेवला. म्हणे साहेब, त्या घराचं आमच्यापाशी नाव काढू नका, कट्टर सत्तेवाले हायेत, माह्या टपरीचा चहा तोंडाले लावत नाईत. हे सांगतानी त्यायच्या डोळ्यात पाणी आलं होतं, मी पाह्यलं. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या पार्टीसाठी बोलले, अन् तेबी रजनीसाठी.

अन् मंग तो माह्या दुकानात आला. मी तं यायच्या दोघायपेक्षा हुशार. मी सांगतलं का काकाच्या घरात सत्तेतल्या पार्टीच्या मोठ्या साहेबाचा फोटो हाये, रोज उदबत्ती लावतेत. काकायच्या घरात भितीवर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर सोडून काही नव्हतं. एवढ्यावर थांबलो असतो तं. पण समोर ऐकणारा असला का मले राह्यवत नाई. मी काकायच्या आवाजात बोलून दाखवलं, आमचं घर पहिल्यापासून साहेबाचंच हाये. तो माणूस हसला अन् वहीत लिहून घेतलं.

तो चौकशीवाला नव्हता. नागपूरच्या एका पेपरचा बातमीदार होता.

चौथ्या दिवशी बातमी आली, आतल्या पानावर पण मोठी. होऊ घातलेल्या न्यायमूर्ती सत्तेतल्या घरातल्या, गावच सांगते. त्यात गजूभाऊचं होतं, सुधाकरभाऊचं होतं, अन् चौकटीत होतं, 'वडील नेहमी म्हणतात, आमचं घर पहिल्यापासून साहेबाचंच.' ते माहं होतं. काकाच्या नावावर छापलेलं.

मंग जे व्हायचं ते झालं. मोबाइलवर ते कात्रण फिरू लागलं. विरोधातले म्हणत, पाहा, सरकार आपली माणसं खुर्चीवर बसवून राह्यलं. सत्तेतले म्हणत, त्यात काय वाईट हाये. रजनीताईनं कोणत्या केसा लढल्या, कशा लढल्या, हे कोणी इच्यारलं नाई. ज्या वकिलायनं तिचं कौतुक केलं होतं त्यायनंबी बोलणं कमी केलं, असं काकाले कोणीतरी सांगतलं.

काकानं पेपर बाकावर बसून वाचला. थर्मास उघडला नाई. उठून माह्या दुकानात आले, कात्रण माह्यासमोर ठेवलं अन् म्हणे, याच्या तीन झेरॉक्स काढ. मी काढल्या. घाईत मशीनवर कागद वाकडा बसला. काकानं तो आपल्या हातानं सरळ केला. तिन्ही झेरॉक्स घडी करून खिशात घातल्या अन् गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नागपूरची गाडी स्टँडवर उभी असतानी, काका बाकावरून उठले. धोतर झटकलं, टोपी नीट केली, स्टँडच्या पायरीवर उभे राह्यले. अन् पुकारा देल्ला.

"गजानन वल्द तुळशीराम, हाजिर हाये काऽऽ"

एसटीतले लोक खिडकीतून डोकावले. गजूभाऊच्या हातातली गाळणी तशीच राह्यली. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला लोकायनं. काही जणायनं तं हात जोडले, कायले ते त्यायलेबी समजलं नसन. गजूभाऊ टपरीतून खाली उतरून पायरीपाशी येऊन उभे राह्यले. मंग सुधाकर वल्द मारोती. तेबी आले, टॉवेल खांद्यावरून काढून हातात धरून. मंग माहं नाव. अंकुश वल्द वामन. मी दुकानातच होतो, समोरच, मशीनच्या मागं वाकून बसलो. दुसऱ्यांदा आलं. तरी नाई उठलो. तिसऱ्यांदा त्यायनं हळू घेतलं. तेवढ्यात मी धावत गेलो.

काकानं तिघायच्या हातात एक-एक झेरॉक्स देल्ली. इच्यारलं, मले कधी कोणत्या सभेत पाह्यलं? नाई, म्हणे गजूभाऊ. मंग सुधाकरभाऊले, तुमच्या टपरीवर पेत नाई, तं त्या टपरीवर पेतो का? नाई, म्हणे सुधाकरभाऊ. माह्याकडं पाह्यलं, अन् काहीच इच्यारलं नाई. ते जास्त लागलं.

गजूभाऊ म्हणे, "काका, आमी पोरीच्या भल्यासाठीच बोललो ना."

"ते मले समजते," काका म्हणे. "पन आता पाहा. उद्या रजनी खुर्चीवर बसली अन् सरकारच्या बाजूनं निकाल देल्ला, तं लोक म्हनतीन, देनारच होती. विरोधात देल्ला, तं म्हनतीन, कशी उलटली पाहा. निकाल बरोबर होता का, हे कोनी वाचनार नाई. तिच्या सगळ्या निकालायचं पहिलं पान तुमी आताच लिहून टाकलं."

एसटीचा ड्रायव्हर गाडी काढायचं विसरला होता.

काका पायरीवर बसले. आवाज पार उतरला होता. म्हणे, "इतकी वर्षं मी जपलं. ती वकील व्हाच्या आधीपासून. पट्टेवाल्याची पोरगी हाये, तिच्यापाशी दुसरं काय होतं? कोनाचीच नसनं, एवढंच होतं. अन् एवढ्या मोठ्या गावात एक जन असा नाई निंघाला जो म्हनन, मले माहीत नाई. खरं तेवढंच होतं ना. माहीत नाई, एवढंच तं बोलाचं होतं."

त्या दिवशी दोन्ही टपऱ्यायनं एका कागदावर सही केली, जे गावात पहिल्यांदा झालं. मजकूर मी टाइप केला. आम्ही खोटं बोललो, या घराचं मत कोणाले जाते ते आमाले माहीत नाई, चौकटीतलं वाक्य नत्थूजी इखार यायचं नसून माहं हाये, मी आवाज काढतो. पेपरनं ते छापलं, आठ दिवसांनी, कापसाच्या भावाखाली, चार ओळी. कोणी वाचलं असन नसन.

गावानं मात्र धडा एवढा घेतला का विचारू नका. पुढचा एक महिना कारंज्यात कोणी कोणाले काही सांगेना. कुरिअरवाला पोरगा पत्ता इच्यारत फिरे, अन् टपरीवरचे दहा जण एका आवाजात म्हणत, आमाले माहीत नाई. एक जण पोरासाठी पोरगी पाहाले, म्हणजे सोयरिकीले, आला होता, तोबी घर न सापडता वापस गेला. अन् खरा चौकशीवाला आला का, आला तं कवा आला, हे कोणालेच समजलं नाई.

ताईचा कागद दिल्लीत पडून राह्यला. ती दर रविवारी येत राह्यली. माह्या दुकानात आली तवा मी मान वर नाई केली. ती म्हणे, अंकुश, बाबायचा आवाज काढणं बंद केलं म्हणतेत तू. मी हो म्हणलं. ती म्हणे, मंग बाबा कंटाळतीन ना रे. एवढंच बोलली.

काका माह्यावर रागावून राह्यले असं नाई. आठ दिवस आले नाईत, मंग आले, निकाल काढ म्हणे, पहिलं पान नको. पण त्या सालापासून त्यायले काचबिंदूनं कमी दिसू लागलं. वाचून दाखवायचं काम मग माह्याकडं आलं. वाचता वाचता मी जजायचे आवाज बदलून पाह्ये, एक भारी, एक बारीक. काका म्हणत, सगळ्यायचा सारखाच काढ, फुकट कोणाले मोठं करू नको.

यंदाच्या निवडणुकीपावतर त्यायले समोरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसे. ताई सकाळीच नागपुरात आपलं मत टाकून गाडी घेऊन आली, काकाले केंद्रावर न्याले. मी सहज संगं गेलो, त्यायचा हात धराले. केंद्र म्हणजे आमची जुनी शाळा. आत दोन्ही पार्टीचे पोलिंग एजंट बसलेले, एका बाकावर गजूभाऊ, दुसऱ्यावर सुधाकरभाऊ. केंद्रावरच्या साहेबानं पाह्यलं का यायले मशीनवरची चिन्हं दिसत नाईत. म्हणे, सोबती घेता येते, तो तुमच्या सांगण्यावरून बटन दाबन. पोरगी हाये ना बाहेर, बोलवा.

ताई दारात आली. काका म्हणे, नाई. अंकुश येईन.

गजूभाऊले ठसका लागला. सुधाकरभाऊ उघडच म्हणे, काका, याच्यापेक्षा लाउडस्पीकर घेऊन जा. मीबी म्हणलं, काका, ताई हाये ना.

काकानं ताईच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "तुहा कागद अजून हाये तिथं. उद्या तुले कोनी इच्यारलं, तं तुले खरंच माहीत नसलं पाह्यजे."

ताई दाराची चौकट धरून उभी राह्यली.

साहेबानं माह्याकडून कागद भरून घेतला. याचं मत मी कोणाले सांगणार नाई, खाली सही. माह्या डाव्या बोटाले सकाळची माही शाई होती, आता उजव्या बोटाले काकायची लावली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं आम्ही दोघं गेलो. काका वाकले अन् माह्या कानात चिन्ह सांगतलं. सगळं कोर्ट जागं करणारा तो आवाज, इतका बारीक होऊ शकते हे मले माहीत नव्हतं. श्वासच होता नुसता. मी बटन दाबलं. शिट्टी वाजली. काका म्हणे, दिवा लागला? लागला म्हणलं. चिठ्ठी पडली? पडली.

दिवाळीनंतर काका गेले, झोपेतच. ताई आली, दोन्ही टपऱ्या दिवसभर बंद होत्या. माह्या उजव्या बोटाची शाई तवा नखाच्या टोकापाशी आली होती, थोडीशी उरली होती, मी नखं कापायचं टाळत होतो. पण काका म्हणलं का मले ते त्या दिवसाचे नाई दिसत. मले ते शाळेच्या व्हरांड्यात दिसतेत, मत टाकून बाहेर निंघालेले.

माह्या खांद्यावर हात होता. बाहेर लाइनीत अर्धं गाव उभं होतं, अन् सगळे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले होते. एजंट दोघंबी लघवीले म्हणून उठून दारात आले होते. मी कुठं पाहू म्हणून भितीवरच्या पाढ्यायकडं पाहत होतो. पायरीवर आलो तं काका थांबले. उन्हाकडं तोंड केलं, डोळे मिटले, अन् सगळ्यायले ऐकू जाईन असं इच्यारलं, "काय रे अंकुश, मी कोनाले मत देल्लं?"

अख्खी लाइन एक पाऊल पुढं सरकली.

"माहीत नाई काका," मी म्हणलं.

काका हसले. तोंड भरून, दात नसलेलं. माह्या खांद्यावरचा हात काढला, अन् समोर ताईची सावली उभी होती तिकडं, एकटेच, पायरी चाचपत उतरू लागले.